पिवळा कठडा

४ सप्टेंबर

साहेबांनी माझा पहिलाच अहवाल परत पाठवला. वर लाल शाईने लिहिलं होतं, ‘हे पत्र आहे. अहवाल पाठवा.’

मी काय लिहिलं होतं? ‘मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची खालची बिजागरी निखळली आहे, तरी सवड मिळेल तेव्हा पाहावे ही विनंती. बाकी शाळा छान आहे. फुलझाडांची निगा उत्तम.’ साहेबांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, “फुलझाडं कुणाच्या अंगावर पडणार आहेत का?”

“नाही.”

“मग ती कशाला आली?”

संध्याकाळी घरी हे सांगितल्यावर नवरा पोट धरून हसला. तो छापखान्यात प्रूफं वाचतो, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकांवर हसण्याचा त्याला पगारच मिळतो. पण नंतर त्याने कोऱ्या कागदांची एक बांधलेली वही आणून दिली. “अहवालात मावत नाही ते इथे लिही. फुलझाडं, माणसं, सगळं.”

म्हणून ही वही. आजपासून सुरू.

स्वतःसाठीच लिहून ठेवते: वय चव्वेचाळीस. पंधरा वर्षं घरी बसून कपडे दुरुस्त केले. बाह्या आत घेणं, दुमड उसवून उंची वाढवणं, चेन बसवणं. आता शिक्षण कार्यालयात सहा महिन्यांची नोकरी. गावातल्या चौदा शाळांत जायचं, मुलांना इजा होईल असं जे दिसेल ते फॉर्मवर लिहायचं. फॉर्मवर तीन चौकोन आहेत. ‘सवडीने’, ‘पंधरा दिवसांत’ आणि ‘ताबडतोब’. ताबडतोबवर खूण केली की त्याच दिवशी ती जागा बंद होते, मग कुणी कितीही मोठा असो.

मी अजून ‘सवडीने’च्या पुढे गेलेले नाही.

९ सप्टेंबर

आज साहेब स्वतः माझ्याबरोबर आले. ते पूर्वी पूल बांधायचे. आता गुडघे दुखतात म्हणून शाळा तपासतात. त्यांनी मला एक स्क्रूड्रायव्हर दिला. “डोळ्यांनी बघू नका, याने बघा. जिथे ताजा रंग असेल तिथे आधी टोचा.”

“ताज्या रंगाने काय होतं?”

“आपण येणार हे शाळांना आठ दिवस आधी कळतं. आठ दिवसांत दुरुस्ती होत नाही, रंग होतो.”

हे मला लगेच पटलं. फाटक्या कोपराला अस्तर लावून कोट परत पाठवणारे शिंपी मी पाहिलेत. आज एका शाळेत पांढऱ्याशुभ्र खिडकीच्या चौकटीत स्क्रूड्रायव्हर टोचला तर बिस्किटात बोट जावं तसा आत गेला. साहेब म्हणाले, “शाबास.” मला दिवसभर बरं वाटत राहिलं. चौकट कुजलेली होती याचं बरं वाटू नये, पण वाटलं.

१३ सप्टेंबर

यादीत पुढची शाळा ताईची आहे.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. त्या शाळेची मुख्याध्यापिका. मुलं ‘मोठ्या बाई’ म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं उरली. आई आजारी असायची, त्यामुळे माझ्या वेण्या ताईनेच घातल्या, अभ्यास तिनेच घेतला. तिची एक पद्धत मला तेव्हापासून माहीत आहे: ती जिथे ‘जाऊ नकोस’ म्हणेल तिथे हमखास काहीतरी असायचं. ‘माळ्यावर चढू नकोस’ म्हणाली की माळ्यावर माझ्यासाठी शिवलेली बाहुली. ‘ते पुस्तक तुला झेपणार नाही’ म्हणाली की मी ते दोन दिवसांत वाचून संपवायचे. बिचारीला कधी काही लपवता आलं नाही.

साहेबांना स्पष्ट सांगितलं, की ही माझ्या सख्ख्या बहिणीची शाळा आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, “दुसरं कोण आहे? मी आणि तुम्ही. आणि त्या शाळेला उंच जिना आहे, माझे गुडघे माझं ऐकत नाहीत. तुम्हीच जा. फक्त दुप्पट कडक बघा.”

मग ताईचा फोन आला. तिला आधीच पत्र पोचलं होतं.

“तू येणार म्हणे, चिमे.”

“तुला चालेल ना?”

“मला काय विचारतेस? कार्यालय माझं आहे का?” थोडं थांबून म्हणाली, “बुधवारी ये. बुधवारी अध्यक्ष बाहेरगावी असतात.”

शाळा एका संस्थेची आहे आणि हे तिचे अध्यक्ष. इमारतीबद्दल मुख्याध्यापकांनी जे काही लिहायचं ते त्यांच्यामार्फतच, असा नियम आहे. मागच्या वर्षी संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या एका मुख्याध्यापकांनी भिंतीला तडा गेल्याचं थेट कार्यालयाला कळवलं. ते सद्गृहस्थ आता संस्थेच्या गोदामात जुने बाक मोजतात.

अध्यक्ष नसतील तर निदान ताईला माझ्यासमोर ओशाळं व्हावं लागणार नाही, असं वाटून बुधवार ठरवला.

१८ सप्टेंबर

ताईची शाळा झाली. मनासारखं काम केलं असं वाटतंय. लिहून काढते.

दुमजली इमारत. खाली पहिली ते पाचवी, वर सहावी ते आठवी. वरच्या वर्गांपुढे लांब गॅलरी आहे, तिला लोखंडी कठडा, खाली फरशीचं अंगण. ताईने सगळं स्वतः दाखवलं. तिच्यातली मुख्याध्यापिका माझ्याशी बोलत होती, “इकडे या, हे पाहा.” एकदा चुकून “नाक पूस” म्हणाली. शिपाईमामा मागून हसले.

आता गंमत. सगळा कठडा राखाडी रंगाचा आणि टोकाचा दोन खणांचा तुकडा मात्र पिवळाधमक! मी विचारलं, हे काय? ताई म्हणाली, “उरलेला रंग होता. वाया कशाला घालवायचा?” ताईला रंगसंगती कधीच कळली नाही. माझ्या लग्नात हिरव्या साडीवर तिने जी शाल घेतली होती ती अजून फोटोत डोळ्यांना टोचते.

त्याहून गंमत म्हणजे गॅलरीत कठड्याला लागून टोकापर्यंत जुने बाक ओळीने मांडलेले. त्यामुळे चालायला जेमतेम दोन माणसांपुरती वाट. मी म्हटलं, “ताई, आग लागली तर इथून चार वर्ग कसे पळणार? हा अडथळा आहे.”

“बाकांचं सोड,” ताई म्हणाली. “आणि त्यांच्या मागे उगाच डोकावू नकोस. तिथे काही नाही.”

इथे मी थोडं स्वतःचं कौतुक करणार आहे. एरवी मी तडक डोकावले असते. पण ताईचा पांढरा अंबाडा दिसला, दोन वर्षांनी निवृत्त होणार हे आठवलं, आणि वाटलं, आयुष्यभर हिचं कधी ऐकलं नाही, आज ऐकावं. “बरं,” म्हटलं आणि वळले.

ताईचा चेहरा एवढा का उतरला कळेना. मी ऐकलं म्हणून बरं वाटायला हवं होतं.

जिना उतरताना तिने दोनदा विचारलं, “झालं तुझं? सगळं पाहिलंस?” मी म्हटलं, झालं. फॉर्मवर लिहिलं: ‘वरच्या गॅलरीतील बाक वाटेत अडथळा आहेत. काढावेत.’ आणि पहिल्यांदाच ‘पंधरा दिवसांत’ वर खूण केली. जिवावर आलं, सख्ख्या बहिणीची शाळा. पण साहेबांनी अहवाल वाचून लिहिलं, ‘आता जमायला लागलं.’

२१ सप्टेंबर

ताईने फोन उचलला नाही. रागावली असेल, बाकांवरून.

२७ सप्टेंबर

बाजारात शिपाईमामा भेटले. बाक काढले म्हणे, पंधरा दिवसांऐवजी तिसऱ्याच दिवशी. अध्यक्षांनी स्वतः उभं राहून काढून घेतले, कारण बाक हलवायला काही लागत नाही आणि कागदावर ‘पूर्तता केली’ असं लिहिता येतं.

“आणि मोठ्या बाई कशा आहेत?” मी विचारलं.

“काय सांगू बाई, हल्ली रोज मधल्या सुट्टीत गॅलरीत उभ्या असतात. टोकाला, त्या पिवळ्या तुकड्यापाशी. पूर्ण अर्धा तास. पोरांना जवळ फिरकू देत नाहीत. डबासुद्धा उभ्यानेच खातात.”

“वय होत चाललंय. मोकळी हवा बरी वाटत असेल.”

मामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, “हवा. असेल, असेल.” आणि पिशवी उचलून चालू लागले.

मला वाईट वाटलं. निवृत्ती जवळ आली की माणूस मुलांच्या आसपास राहायला बघतं. ताईला शाळा सोडवणार नाही.

१ ऑक्टोबर

ताईचा फोन! राग गेला वाटतं.

“चिमे, बाक काढलेत की नाही हे बघायला तुला परत यावं लागतं ना?”

“लागतं. पुढच्या आठवड्यात येणार आहे.”

“पुढच्या आठवड्यात नको. शुक्रवारी ये. मधल्या सुट्टीच्या थोडी आधी.” मग म्हणाली, “माझ्या कोटाची बाही उसवलीय, तोही घेऊन जाशील.”

तरीच. काम असल्याशिवाय ताई अशी घाई करायची नाही.

४ ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं. नवरा अजून छापखान्यातून आलेला नाही, घर शांत आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे.

शाळेत पोचले. गॅलरी मोकळी होती, चांगली वाटली. ताई खाली कार्यालयात. कोट हातात दिला आणि म्हणाली, “वर बाक बघून ये. आणि हे बघ, टोकाला जाऊ नकोस. रंग ओला आहे.”

मी जिना चढायला लागले. चौथ्या पायरीवर थांबले. रंग ओला? सोळा दिवसांपूर्वी पाहिला तेव्हाच तो लावून झालेला होता. सोळा दिवस कोणता रंग ओला राहतो?

एकदा ऐकलं होतं, दुसऱ्यांदा ऐकवेना. साहेबांचे शब्दही कानात होते. सरळ टोकाला गेले. पिवळ्या रंगाला बोट लावून पाहिलं, खडखडीत कोरडा. खाली वाकले. कठड्याचे उभे गज फरशीत जिथे शिरतात तिथे रंगाला फुगवटे आले होते, जुन्या इस्त्रीने कापड पोळलं की येतात तसे. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला.

आरपार गेला.

दुसऱ्या गजाला लावला, तोही. तिसरा गज मी फक्त हाताने धरला तर तो फरशीतून सुटून हातात हलायला लागला. आठ गज मोजले. आठांपैकी सहा नुसते रंगाने उभे होते. आतून लोखंडाचा भुगा पडत होता, तांबूस, चहाच्या पुडीसारखा.

तेवढ्यात घंटा झाली.

चार वर्गांची दारं एकदम उघडली. दीडशे मुलं. एक मुलगी हसत मागे बघत पळत आली आणि टेकायला म्हणून सरळ पिवळ्या कठड्याकडे वळली. मी काय ओरडले आठवत नाही. दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. ती माझ्या पोटावर आदळली, “सॉरी बाई” म्हणाली आणि पळाली. मागून आणखी आली. मी तशीच उभी. मग कुणीतरी माझ्या शेजारी येऊन तसेच हात पसरले. ताई होती. जिना धावत चढल्याने तिला धाप लागली होती.

आम्ही दोघी अर्धा तास तशा उभ्या होतो. मुलांना वाटलं काहीतरी खेळ आहे. दोघातिघांनी आमच्या ओळीत हात पसरून उभं राहून पाहिलं.

घंटा झाली, मुलं आत गेली. मग मला सगळं उमगलं. बाक! ते बाक अडगळ नव्हते. मुलं कठड्यापर्यंत पोचू नयेत म्हणून मांडलेले होते. आणि ते मी काढायला लावले. ताईला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिने बाक मांडले, रंग फासला आणि मला ‘डोकावू नकोस’ म्हणाली.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

ताईने पसरलेले हात खाली घेतले.

“माझ्यापासून लपवलंस तू. माझ्यापासून! एखादं पोर खाली गेलं असतं म्हणजे?”

“फॉर्म आहे ना जवळ?”

“आहे.”

“मग जे पाहिलंस ते लिही. मी काय म्हणाले, काय म्हणाले नाही, त्यातलं काही मनात धरू नकोस.”

एवढं म्हणून ती खाली गेली. मला तिचा असा राग कधी आला नव्हता. ती असं काही करेल हे खरं वाटेना.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. फॉर्म गुडघ्यावर. मी काय विचार करत होते ते खरं लिहिते. ‘पंधरा दिवसांत’ वर खूण केली तर ताईला वेळ मिळेल. ती अध्यक्षांना मनवेल, गुपचूप दुरुस्ती होईल, नाव खराब होणार नाही. आणि ‘ताबडतोब’ केलं तर आज दुपारीच वरचा मजला बंद. दारावर नोटीस, नोटिशीवर मुख्याध्यापिका म्हणून तिचं नाव. मग कदाचित गोदाम, आणि बाक मोजत दोन वर्षं. जिने माझ्या वेण्या घातल्या तिला मी बाक मोजायला पाठवायचं.

पंधरा दिवस म्हणजे बारा मधल्या सुट्ट्या. त्या मुलीचं डोकं माझ्या पोटावर आदळलं होतं ती जागा अजून दुखत होती.

‘ताबडतोब’ वर खूण केली. फुलझाडांबद्दल काही लिहिलं नाही.

खाली ताईच्या टेबलावर कागद ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. खालची माझी सही बोटाने चाचपून पाहिली. मग डोळे मिटून घेतले. तिचं ते रूप मला बघवेना, कोट उचलला आणि निघाले.

५ ऑक्टोबर

नवऱ्याला सगळं सांगितलं. रडलेसुद्धा. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “कठड्याचा नेमका कुठला भाग पिवळा होता?”

“टोकाचा.”

“आणि कुजलेला?”

“तोच.”

“आणि बाकीचा राखाडी.”

“हो. म्हणजे ताईला रंगसंगती…”

“हां, रंगसंगती,” तो म्हणाला. आणि वर्तमानपत्रामागे गेला. पान हलत होतं. तो हसत होता असं वाटलं, पण अशा वेळी कुणी हसेल कसं?

नंतर म्हणाला, “तुला खोटं बोलता येत नाही, हे तुझ्या ताईंना माहीत असेलच.”

“जगाला माहीत आहे. कानाच्या पाळ्या लाल होतात माझ्या.”

“तेच म्हणतोय.”

याचा इथे काय संबंध ते समजलं नाही. प्रूफं वाचून वाचून तो कधीकधी असं तुटक बोलतो.

११ ऑक्टोबर

आज कार्यालयात सुनावणी. साहेबांची खोली लहान, चार खुर्च्या, एक खिडकी. साहेब, अध्यक्ष, ताई आणि मी. आठवडाभर ताई आणि मी बोललो नव्हतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

अध्यक्ष गोड बोलतात. आवाज मऊ, बोटं मात्र टेबलावर वाजवत होते. आधी म्हणाले, कठडा तसा बरा आहे. साहेबांनी ड्रॉवर उघडून एक गंजका गज त्यांच्यासमोर ठेवला. तो टेबलावर ठेवताक्षणी मोडला. कठड्याचा विषय तिथेच संपला.

मग ते माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही यांच्या बहीण ना?”

“हो.”

“सख्ख्या?”

“हो.”

“मग साधा हिशेब आहे. पहिल्या भेटीत तुम्हाला काही दिसलं नाही. दुसऱ्या भेटीत बरोबर तोच कोपरा. मध्ये बहिणीने सांगितलं. म्हणजे मुख्याध्यापिका संस्थेला डावलून कार्यालयाकडे गेल्या. बरोबर?”

मी उसळलेच. इतके दिवस मनात साचलेलं सगळं बाहेर आलं.

“सांगितलं? तिने? अहो, तिने लपवलं! ‘बाकांच्या मागे डोकावू नकोस’ म्हणाली. ‘टोकाला जाऊ नकोस, रंग ओला आहे’ म्हणाली, सोळा दिवसांच्या रंगाला! एका शब्दाने तिने मला सांगितलं नाही. आम्ही त्या दिवसापासून एकमेकींशी बोलतसुद्धा नाही!”

साहेब माझ्या कानांकडे बघत होते. कान लाल नव्हते, मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक शब्द खरा होता.

अध्यक्षांची बोटं थांबली. ताईकडे बघून म्हणाले, “असं तुम्ही म्हणालात, मोठ्या बाई?”

“म्हणाले,” ताई खाली बघत म्हणाली. “संस्थेचं नाव जाऊ नये म्हणून.”

“हं,” अध्यक्ष म्हणाले. संस्थेचं नाव राखणाऱ्या बाईला ते काय म्हणणार? शेवटी एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी मला सांगत जा.”

“तीन पत्रं दिली होती अध्यक्षसाहेब, तुम्हाला,” ताई म्हणाली. “मिळाली नसतील.”

साहेबांनी खोकल्यासारखं केलं आणि कागदावर लिहिलं: वरचा मजला दुरुस्तीपर्यंत बंद, संपूर्ण कठडा नवा, काम कार्यालयाच्या देखरेखीखाली. मुख्याध्यापिकेबद्दल एक ओळही नाही.

बाहेर पडताना ताईने माझा हात एकदाच दाबला. हात गार होता. मला वाटलं, माफी मागतेय. मी सोडवून घेतला. चूक झाली का? अजून राग गेला नव्हता.

आणि ती तीन पत्रं. ती तिने मला का दाखवली नाहीत? दाखवली असती तर मी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं असतं, की हो, मला सगळं माहीत आहे. ताईला माणसं वापरून घेता येत नाहीत, हेच तिचं दुर्दैव.

१९ ऑक्टोबर

वेल्डर आला. मी देखरेखीला. त्याने पिवळ्या तुकड्याला कटर लावायच्या आधी पायाने ढकलून पाहिलं. तुकडा सबंध सुटून खाली अंगणात गेला. खाली कुणी नव्हतं. आवाज मात्र खालच्या सगळ्या वर्गांपर्यंत गेला आणि सगळे पाढे थांबले.

वेल्डर म्हणाला, “हा पिवळा कुणी रंगवला हो? चांगलं केलं. नाहीतर आम्हाला कुठून सुरू करायचं ते शोधावं लागलं असतं.”

मी म्हटलं, “उरलेला रंग होता.”

२५ ऑक्टोबर

वरचे चार वर्ग सध्या खालच्या सभागृहात, मध्ये चादरी लावून. पहिलीची मुलं आठवीचं गणित ऐकतात. एका बाईंनी सांगितलं, पहिलीतला एकजण ‘क्ष’ म्हणजे काय ते घरी शिकवत असतो.

बाही शिवून कोट शिपाईमामांच्या हाती पाठवला. बाही उसवलेली नव्हती खरं तर. शिवणीतला एकच दोरा ओढलेला होता, आणि तोही कात्रीने कापल्यासारखा. मामा म्हणाले, “पोचवतो. तुमच्या बहिणीचं लई प्रेम आहे हो तुमच्यावर.” प्रेम आहे म्हणूनच तर त्रास होतो.

६ नोव्हेंबर

आज नवा कठडा तपासायला गेले. आधीच्या दुप्पट जाड गज, फरशीत वीतभर खोल, सिमेंटमध्ये. सगळा एकाच रंगाचा. प्रत्येक गज टोचला, हलवला, लटकून पाहिला. वेल्डर म्हणाला, “बाई, आता तुम्ही पडाल, कठडा नाही पडायचा.” ‘पूर्तता झाली’ लिहिलं. लिहिताना इतकं सुख झालं, की सही नेहमीपेक्षा मोठी आली.

चारही वर्ग सभागृहातून लगेच वर परतले. मग मी खाली ताईच्या कार्यालयात गेले. घरून ठरवूनच निघाले होते. दार लावलं आणि उभ्यानेच म्हटलं, “ताई, मी तुला माफ केलं.”

ताई बघतच राहिली.

“माणूस घाबरतं. नोकरीसाठी चुकीचं वागतं. मी समजू शकते. यापुढे माझ्यापासून काही लपवू नकोस, एवढंच.”

ताईने चष्मा काढला. आधी मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मग आवाज आला आणि कळलं की ती हसतेय. लहानपणी आम्ही पांघरुणात हसायचो तशी, श्वास कोंडून. मीही हसायला लागले, कारण ती हसली की मला राहवत नाही. कशाला हसतोय ते मात्र विचारलं नाही. इतक्या दिवसांचा ताण गेला की असं होतं.

“ये इकडे,” ती म्हणाली. मी गेले. तिने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली. “चिमे, गं चिमे. तुझ्यासारखी दुसरी नाही मिळायची मला.”

“नाहीच मिळायची,” मी म्हटलं.

शिपाईमामांनी दोन कप आणून ठेवले. आम्ही बसलो. ती मला आठवीच्या एका मुलीची गोष्ट सांगायला लागली, जी प्रत्येक निबंधात स्वतःच्या मांजराला आणते.

गोष्टीच्या मध्येच मधल्या सुट्टीची घंटा झाली. डोक्यावर दीडशे मुलांची पावलं गॅलरीत धावली, छत दणाणलं. ताई बोलता बोलता खुर्चीतून अर्धी उठली. टेबलाची कड धरून तशीच क्षणभर ऐकत राहिली. वर कुणीतरी कठड्यावर हाताने ताल धरला होता.

मग ती सावकाश खाली बसली, पाठ खुर्चीला टेकवली, आणि मांजराची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.